दोन घरचा पाहुणा

११ जानेवारी

ड्रायव्हरसाहेब यांस,

नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र पुष्कळ आहे.

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी हेच आधी कळेना. व्याही म्हणावं तर लग्न झालं नाही. परके म्हणावं तर माझी भाची चिऊ आणि तुमचा बाळ्या इतकी वर्षं एका छपराखाली राहिले, आणि माझ्या हातचा सदरा तुम्ही अजून घालता. शेवटी जन्मभर तुम्ही बस चालवलीत, तेच नाव धरते. फोनच करणार होते. पण तुमचा डावा कान इंजिनाने खाल्लाय. मी ओरडणार, तुम्ही ‘काय? काय?’ करणार, आणि चिऊच्या शेजारणींना फुकटचा तमाशा. म्हणून लिहितेय.

आज सकाळी चिऊच्या दारात कोर्टाचा माणूस उभा. माझं शिवणाचं दुकान बंद ठेवून महिनाभर मी तिच्याकडेच राहायला आहे, तेव्हा दार मीच उघडलं. कागद हातात ठेवला आणि सही मागितली. त्यात काय लिहिलंय ठाऊक आहे? ‘तपकिरी रंगाचा, मिश्र जातीचा नर श्वान, ही जंगम मालमत्ता अर्जदाराच्या ताब्यात देण्यात यावी.’ जंगम मालमत्ता! चिऊच्या वकीलबाईंना विचारलं, जंगम म्हणजे काय हो? त्या म्हणाल्या, जी इकडून तिकडे नेता येते ती. म्हणजे आमचा ढेकळ्या आणि माझं शिलाई मशीन एका रांगेत. मशीन मी आजारी पडल्यावर कधी पायाशी येऊन बसलं नाही.

दोन माणसांचं मोडलं, मी अवाक्षर बोलले नाही. पटत नाही तर नाही. उसवलेलं कापड ओढून आणखी फाडू नये. भांडी वाटली, पुस्तकं वाटली, खिडकीतल्या कुंड्यासुद्धा वाटल्या. पण कुत्रं वाटता येतं का हो? आणि हक्क कशावरून, तर जनावरांच्या डॉक्टरांकडच्या कागदावर बाळ्याचं नाव आहे. का आहे? कारण त्या दिवशी पिल्लू चिऊच्या मांडीवर थरथरत होतं आणि तिचे हात मोकळे नव्हते! ज्याचे हात मोकळे तो मालक, हा कुठला न्याय?

मुलाला आवरा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुमचा मुलगा तर नकाशे काढतो, त्याला पायरी कुठे आहे हे आमच्याआधी दिसायला हवं होतं.

चिऊची मावशी

*

१७ जानेवारी

मावशीबाई यांस,

नमस्कार. पत्र मिळालं. डाव्या कानालासुद्धा ऐकू आलं.

तुम्ही एकाच आरशात बघून गाडी चालवताय. दुसरा आरसा मी दाखवतो.

पिल्लू सापडलं त्या दिवशी इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात उतरलं कोण? बाळ्या. सगळे म्हणत होते मातीचं ढेकूळ आहे, त्याला ते हललेलं दिसलं. कंबरेपर्यंत चिखलात गेला आणि पिल्लू काढलं, म्हणून तर नाव ढेकळ्या. पुढे चिऊ दार उघडं टाकून कामावर गेली, कुत्रं बाहेर पडलं आणि कोणीतरी उंदरांसाठी टाकलेलं विष खाऊन आलं, तेव्हा त्याला उचलून पळालं कोण? तोही बाळ्याच. त्यानंतर रजा काढून, घरात बसून, त्याने त्या जनावराला शिस्त लावली. आज रस्त्यात हाड पडलेलं असलं तरी ढेकळ्या वास घेणार नाही. तुम्ही ज्याला माया म्हणता ना मावशीबाई, ती पोटात विष गेलं की उपयोगाची नसते.

आणि त्याला नेलं कसं? बाळ्या कामावर असताना. घरी आला तर चिऊचं कपाट रिकामं. ते त्याला अपेक्षित होतं, दोघांचं तसं बोलणं झालं होतं. पण दाराशेजारी पट्टा टांगायचा खिळा आहे, तोही रिकामा. माणूस जाणार हे त्याला माहीत होतं. कुत्रं गेलेलं खिळ्याने सांगितलं. असं चोरून नेणाऱ्याला तुमच्या दुकानात काय म्हणतात?

मी मुलाला आवरणार नाही. सदरा अजून घालतो, ते खरं. कापड चांगलं होतं.

बाळ्याचे बाबा

*

९ फेब्रुवारी

ड्रायव्हरसाहेब,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. ढेकळ्याच्या पांघरुणाच्या घडीत ठेवलंय. तुमच्या मुलाला आणि माझ्या भाचीला एकमेकांची तोंडं बघायची नाहीत, तर पोस्टमनचं काम आता कुत्र्याने करावं.

कोर्टाने समेटाला पाठवलं हे तुम्हाला कळलंच असेल. मी गेले होते, तुम्ही का नाही आलात? गुडघा म्हणे. त्या खोलीत एक गोल टेबल, मध्ये कागदी रुमालांचा डबा. मी म्हटलं हा कशाला? समेट करणाऱ्या बाई म्हणाल्या, रडू आलं तर. बघा, भांडण मिटवण्याआधी रडण्याची सोय! दोन्ही वकील कुत्र्याबद्दल बोलत होते आणि दोन्ही पोरं टेबलाच्या कडेकडे बघत होती. एकदाही कोणी ‘ढेकळ्या’ म्हटलं नाही. ‘सदर प्राणी’, ‘सदर प्राणी’. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘बाई, तुमच्या घरी कुत्रं आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘तो मुद्दा नाही, मावशी.’ म्हणजे नाही!

शेवटी काय ठरलं, तर पुढच्या तारखेपर्यंत एक आठवडा हिच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे. डॉक्टरांच्या दवाखान्यात एकाने सोडायचं, तासाभराने दुसऱ्याने न्यायचं. समोरासमोर यायला नको म्हणून! घोडं मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने, ते हेच. या दोघांच्या मानापानाचं ओझं, आणि खेपा त्या मुक्या जिवाला.

असो. पाठवतेय ते ठणठणीत पाठवतेय. मी असेपर्यंत दोन्ही वेळा वाटी चाटूनपुसून साफ करत होता. उद्या मी माझ्या दुकानाकडे परत जातेय, गिऱ्हाइकं खोळंबलीत. परत येईल तेव्हा तसाच यायला हवा. एक केस जरी वाकडा दिसला तर गाठ माझ्याशी आहे.

मावशी

*

१६ फेब्रुवारी

मावशीबाई,

पत्र पांघरुणातून मिळालं, कुत्र्याचा वास लागलेलं. तुमच्या भाषेला शोभत होता.

ठणठणीत म्हणे! बाळ्या सांगत होता, फासळ्या हाताला लागतात. मी रविवारी त्याच्याकडे गेलो. बाळ्याने वाटी ठेवली, ढेकळ्या माझ्याकडे बघत बसला. मी म्हटलं, ‘अरे खा की लेका, लाजतोस कुणाला?’ आणि काय सांगू, वाटी जमिनीवर गोल फिरेपर्यंत खाल्लं. उपाशी जनावर कसं खातं ते मी डेपोत पाहिलेलं आहे. त्याला तुम्ही पोटभर घालत होता यावर माझा काडीचा विश्वास नाही.

माझ्यावर त्याचा पहिल्यापासून जीव आहे. माझ्यासमोर तो कधी अन्न टाकत नाही.

तुमची भाची कुत्र्याला घरात ठेवू शकते, पण सांभाळू शकत नाही. दार उघडं टाकणारी ती हीच.

बाळ्याचे बाबा

*

२३ फेब्रुवारी

अहो ड्रायव्हरसाहेब!

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या कशा असतात, ते तुमच्या पत्रात पाहिलं.

आज दुकान बंद म्हणून चिऊकडे आले. दार उघडताच ढेकळ्या धावत आला आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझा हात मापं घेण्यात गेलाय, मला टेप लागत नाही. हा अर्धा राहिलाय! गळ्यातला पट्टा एक भोक आत घेतलाय. डॉक्टरही म्हणाले, वजन उतरलंय, लक्ष द्या. तुमच्याकडे आठवडाभर राहून आल्यावर उतरलं ना? मग कोणी उपाशी मारलं?

आणि माझ्यासमोर? चिऊने वाटी ठेवली, मी नेहमीसारखं म्हटलं, ‘जेव रे राजा,’ आणि हां हां म्हणता फस्त. तुमच्यावर जीव आहे म्हणे! जीव कुणावर आहे ते मी डोळ्यांनी पाहिलं. मी दुकानात निघून गेले की पोर खंतावतं, एवढं साधं आहे.

चिऊची वकीलबाई म्हणते, पुढच्या तारखेला ‘हयगय’ हा शब्द घालू. मी म्हटलं घाला, चांगला जाड अक्षरात घाला.

आणखी एक. तुमच्या मुलाला सांगा, फोनवरून माझ्या पोरीला छळणं बंद कर. दुपारी मी बाहेरच्या खोलीत पडले होते. चिऊने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि आतून बाळ्याचा आवाज! एकच आवाज, पुन्हा पुन्हा: ‘हं.’ मग थोडं थांबून, ‘हं.’ ती काय सांगत होती कोण जाणे, आणि हा नुसता हुंकार भरतोय, जसा साहेब कारकुनाला भरतो. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणे कांदा. कांदा कुठे होता? ओट्यावर पाव होता! माणसाला सोडलंत, कुत्रं पळवताय, आता हुंकारही ऐकवताय?

माझा राग या कागदावर मावत नाही. बाकीचा ढेकळ्या भुंकून सांगेल.

मावशी

*

२ मार्च

मावशीबाई यांस,

हे पत्र सावकाश वाचा. मी लिहितानाही दोनदा गिअर बदलला.

बाळ्या चिऊला फोन करत नाही. तिचा नंबरच त्याने पुसून टाकलाय. मग तुम्ही ऐकलंत ते काय, हे मला आधी उमगलं नाही. पण एक गोष्ट टोचत राहिली. तुम्ही लिहिता, तुमच्यासमोर तो खातो. मी लिहितो, माझ्यासमोर खातो. आपण दोघंही छाती फुगवून बसलोय की कुत्र्याचा जीव आपल्यावर. बरं, दोघांचंही खरं मानू. मग तो वाळतोय कशाने?

म्हणून या वेळी मी न कळवता बाळ्याकडे गेलो, मधल्या वारी, संध्याकाळी. दार लोटलेलं होतं. आत बघतो तर स्वयंपाकघरात जमिनीवर वाटी भरलेली, तिच्यासमोर ढेकळ्या बसलेला, तोंडातून लाळेची तार. आणि माझा मुलगा, शिकलेला, चष्मा लावणारा, पलीकडच्या खोलीत पडद्यामागे उभा राहून म्हणतो, ‘हं.’ कुत्र्याने पडद्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग उठून दारापाशी गेलं आणि बसलं. बाळ्या पडद्यातून बाहेर आला, वाटी उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा पडद्यामागे गेला. ‘हं.’ कुत्रं जागचं हललं नाही.

मी म्हटलं, ‘हे काय चाललंय?’

म्हणाला, ‘तुम्हाला नाही कळणार, बाबा.’

‘न कळणारी बस मी आयुष्यभर चालवली नाही. बोल.’

मग बोलला. विष खाऊन वाचला ना ढेकळ्या, तेव्हा यानेच युक्ती काढली. कुणीही टाकलेलं खाऊ नये म्हणून त्याला शिकवलं, वाढणारा वेगळा आणि ‘हं’ म्हणणारा वेगळा. विष टाकणारासुद्धा वाढणाराच असतो, म्हणाला. वाटी चिऊने ठेवायची, ‘हं’ याने म्हणायचं. कधी याने ठेवायची, तिने म्हणायचं. एकाच माणसाने दोन्ही केलं तर तोंड लावायचं नाही. घरचं दुसरं माणूस बोललं तरच. इतकी वर्षं दोन्ही वेळा हेच चाललं. त्या जनावराला आता दुसरं जेवणच माहीत नाही.

आपण दोघं तिथे असलो की खातो, तो आपल्या मायेमुळे नाही, मावशीबाई. आपण तिथे दुसरे असतो म्हणून. तुमचं ‘जेव रे राजा’ आणि माझं ‘खा की लेका’ म्हणजे त्याचा सिग्नल. उरलेले दिवस बाळ्या हाताने भरवून चार घास कसेबसे पोटात ढकलतो, तिकडे चिऊही तेच करत असणार, त्यावर जगतोय.

आपल्यात म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी. ह्याला वाटतं त्याने घातलं असेल, त्याला वाटतं ह्याने. पण इथे दोन्ही घरांत वाटी भरलेली आहे आणि पाहुणा तिच्यासमोर बसून उपाशी आहे. मी म्हटलं, ‘हे समेटात का नाही सांगितलंस?’ तर म्हणे, वकील म्हणाले, एकट्याला सांभाळता येत नाही असं चुकूनही कबूल करू नका. त्या वकिलाला माझ्या बसमध्ये मी उभ्यानेसुद्धा घेतला नसता.

आता चिऊला विचारा. तिला हे माहीत नाही असं होणं शक्य नाही.

बाळ्याचे बाबा

*

४ मार्च

ड्रायव्हरसाहेब,

हे पोस्टाने पाठवतेय, कुत्र्याची वाट बघण्याइतका धीर नाही.

माहीत होतं! माझ्याच हाताखाली वाढलेली पोर, आणि माझ्याशीच ताकाला जाऊन भांडं लपवलं! तुमचं पत्र तिच्यापुढे धरलं. आधी म्हणे, ‘मावशी, तू त्या घराशी पत्रव्यवहार करतेस?’ मी म्हटलं, ‘विषय बदलू नकोस. ढेकळ्या तुझ्या हातून जेवतो का? हो की नाही?’ ती ओटा पुसायला लागली. ‘हो की नाही, चिऊ?’ तर म्हणाली, ‘नाही.’ आणि ओट्याला टेकून खाली बसली.

तो ‘हं’ काय होता ते आता ऐका. तिच्या फोनमध्ये जुना व्हिडिओ आहे. ढेकळ्या वाटीसमोर बसलाय आणि मागून बाळ्या ‘हं’ म्हणतो. ती वाटी ठेवते आणि तो आवाज लावते. कुत्रं काय करतं? खातं? नाही. आवाज ऐकला की शेपटी हलवत दाराकडे पळतं. बाळ्या आलाय असं समजून! मग दाराला नाक लावून बसतं. अन्न इकडे गार होतं. आणि ही बया पुन्हा लावते, पुन्हा लावते. मला सांगा, हा छळ कोणी कुणाचा चालवलाय?

मी तिला म्हटलं, ‘त्याला सांगायला काय झालं होतं?’

‘त्याने मला चोर म्हटलंय, मावशी. कागदावर लिहून म्हटलंय.’

‘म्हणू दे! चोर म्हटल्याने तुझं पोट रिकामं राहिलं का? ज्याचं राहिलं त्याला तर कोणी काहीच म्हटलं नाही!’

‘मी कबूल केलं असतं तर तो जिंकला असता.’

‘काय जिंकला असता? सापळा?’

एवढं मी त्या पोरीला आयुष्यात कधी बोलले नव्हते. इतके दिवस तुमच्यावर संतापले ते फुकट गेलं म्हणून आणखी संताप आला. ज्यांच्यावर संतापायचं ती माणसं आपापल्या घरात बसली होती आणि आपण पांघरुणात पत्रं लपवत होतो. दोघांना समजतं सगळं. दोघांना कळत होतं, एकट्याच्या हातून कुत्रं जेवणार नाही. आणि दोघंही टेबलाच्या कडेकडे बघत ‘सदर प्राणी’ ऐकत बसले!

आता माझं ऐका. ज्याने टाका घातला त्यानेच तो उसवायचा. दुसऱ्याने उसवायला घेतला तर कापड जातं. बाळ्याने चिऊच्या स्वयंपाकघरात यायचं आणि त्या कुत्र्याला एका माणसाच्या हातून जेवायला शिकवायचं. कोर्ट नाही, वकील नाही, कागदी रुमाल नाहीत. तुम्ही येऊ नका. आलात तर आणखी एक परवानगी देणारा वाढेल. मी असेन, दोघांनी एकमेकांच्या झिंज्या धरू नयेत म्हणून. पण माझं तोंड सुटतं हे मला ठाऊक आहे, तेव्हा मी शिवण घेऊन बसेन आणि ओठांत टाचण्या धरीन. टाचण्या तोंडात असल्या की मी माझ्या बापाशीही बोलले नाही कधी.

पाठवा त्याला. कान धरून पाठवा.

मावशी

*

७ मार्च

मावशीबाई,

येतो म्हणालाय.

सहजासहजी नाही. आधी म्हणाला, ‘तिच्या दारात मी जाणार नाही.’ मी म्हटलं, ‘खड्ड्यात उतरलास तेव्हा चिखल कुणाच्या मालकीचा आहे असं विचारलं होतंस का?’ मग बूट घालायला लागला. म्हटलं, आज नाही रे, उद्या.

वकिलाला सांगितलेलं नाही.

बाबा

*

१६ मार्च

ड्रायव्हरसाहेब यांस,

नमस्कार. आठवड्याची अदलाबदल थांबवून ढेकळ्याला चिऊकडेच ठेवलं, आणि तुमचा मुलगा रोज संध्याकाळी आला. तुम्हाला तो काही सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

पहिल्या दिवशी दारात उभा राहिला तर ढेकळ्याने जो गोंधळ घातला! खुर्ची पाडली, माझी दोऱ्यांची टोपली पाडली. दोघं एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणाले. नमस्कार! जशी बँकेत भेट झालीय. मी टाचण्या घट्ट धरल्या. चिऊने वाटी ठेवली. बाळ्या म्हणाला, ‘हं.’ आणि कुत्र्याने, काय सांगू, डोळे मिटून खाल्लं. चिऊ नळ सोडून एकच पेला किती वेळ धूत राहिली. पेला कधीच धुऊन झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून खरं काम. ती वाटी ठेवणार, आणि दोघांनी एकदम ‘हं’ म्हणायचं. पहिल्यांदा जमेचना. ती आधी म्हणायची, हा मागून. याच्या कपाळाला आठी, ‘घाई करू नकोस ना.’ तिचं लगेच, ‘मला तुझ्यासारखं आळसावून म्हणता येत नाही!’ पेटलंच असतं. पण ढेकळ्या एकदा तिच्याकडे बघे, एकदा याच्याकडे, लाळ गाळत. त्याला बघून दोघांनी पुन्हा ‘हं’ म्हटलं. मग जमलं. पुढे याने आवाज बारीक केला, तिचा मोठा राहिला. मग याने नुसते ओठ हलवले. तेवढं कुत्र्याने मान्य केलं.

पण तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि ती एकटी म्हणाली, तेव्हा गाडं अडलं. ढेकळ्या वाटी सोडून त्याच्या पाठीकडे बघत बसला. चिऊ ‘हं’ म्हणते, हा पाठीकडे बघतो. पुन्हा म्हणते, पुन्हा बघतो. माझ्या ब्लाउजच्या बाह्या लावून झाल्या तरी हा तसाच. बाळ्या वळला नाही हो. मला त्याचा चेहरा दिसत होता, त्या दोघांना नाही. मला टाचण्या असून बोलावंसं वाटलं.

काल तो म्हणाला, ‘मी इथे आहे तोवर तो माझीच वाट बघणार.’ चिऊ म्हणाली, ‘मग?’ तो म्हणाला, ‘मग मी नको.’ ढेकळ्याच्या डोक्यावर हात ठेवला, फार वेळ नाही. बाहेर गेला आणि दार लावून घेतलं. ढेकळ्या दाराकडे जायला उठला. चिऊ जमिनीवर बसली, वाटी त्याच्याजवळ सरकवली, आणि म्हणाली, ‘हं.’ आवाज फाटला होता. तो दाराकडे बघत राहिला. तिने पुन्हा म्हटलं, नीट, जसं बाळ्या म्हणतो तसं, सावकाश. मग त्याने मान खाली घातली आणि जेवला. सगळं.

मी टाचण्या टोपलीतल्या गादीला खोचल्या आणि जिन्यात गेले. बाळ्या पायरीवर बसला होता. वाटीचा आवाज तिथपर्यंत येत होता. मी म्हटलं, ‘चला, आता तुझ्याकडेही असंच शिकवू. चिऊला घेऊन येते.’

म्हणाला, ‘नाही, मावशी. तिथे पुन्हा त्याने तिच्याकडे बघत बसायचं, पुन्हा तिने उठून जायचं. किती वेळा त्याला दारामागे माणूस हरवल्यासारखं करायचं? झालं ते झालं. राहू दे इथे.’

या मुलाला मी तुमच्याकडे लिहून काय काय म्हटलंय! चिऊ दारात आली होती, तिने ऐकलं. तिने त्याचे आभार मानले नाहीत, आणि मला ते आवडलं. आभार मानण्यासारखी ती गोष्टच नव्हती. ती म्हणाली, ‘दार उघडं मी टाकलं होतं. तू ते कागदावर लिहिलंस म्हणून मी कबूल केलं नाही.’ तो म्हणाला, ‘माहीत आहे.’ मग म्हणाली, ‘रविवारी त्याला फिरायला ने. खाली उभा राहा, मी सोडते.’ तो ‘बघू’ म्हणाला आणि उतरून गेला.

वकीलबाईंना मी फोन केला. म्हटलं, ते ‘हयगय’ तुमचं तुमच्याकडे ठेवा. त्या म्हणाल्या, अहो पण केस आपल्या बाजूने होती. मी म्हटलं, कुत्रं कुणाच्याच बाजूने नव्हतं, त्याचं काय?

राग अजून पुरता गेलेला नाही. तो जाणारही नाही. पण आता तो तुमच्यावर नाही. जुना सदरा पाठवून द्या, कॉलर उलटून देते. इतक्या वर्षांत नक्की झिजली असेल.

मावशी

*

२२ मार्च

मावशीबाई यांस,

सदरा सोबत पाठवतोय. कॉलर झिजलीच आहे.

अर्ज मागे घेतला. कारकुनाने विचारलं, कारण काय लिहू? बाळ्या म्हणाला, काही लिहू नका. कारकून म्हणाला, रकाना रिकामा ठेवता येत नाही. तेव्हा त्याने स्वतः पेन घेऊन लिहिलं, ‘सदर ढेकळ्या जेवला.’ कारकुनाने त्यावर तसाच दाबून शिक्का मारला.

दाराशेजारचा खिळा मी काढू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाला. रविवारी पट्टा लागेल.

काल संध्याकाळी माझ्याकडे जेवायला आला. मी वाढलं. समोर बसलो. पोरगं ताटाकडे बघत बसलं. भात निवला, आमटीवर साय धरली. मी म्हटलं, ‘अरे, आवडलं नाही का?’ मान हलवली. घास काही घेईना. घरात आम्ही दोघंच. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, त्याने दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा ताटाकडे.

वाढलं होतं मीच, मावशीबाई. नियमाने मला बोलता येत नव्हतं. पण दुसरं माणूस आणणार कुठून?

मी म्हटलं, ‘हं.’

मग जेवला.

तुमचा,
न झालेला व्याही